जायचंय, पण आत्ता नको: व्यसनमुक्तीच्या दारात घुटमळणाऱ्याशी बोलायचं कसं?

ओसरीवरचा (धागाकर्ता)

"त्याला जरा समजावून सांगा हो, तुमचं ऐकेल."

व्यसनमुक्तीच्या ओपीडीत बसणाऱ्या समुपदेशकाला हे वाक्य रोज ऐकावं लागतं. सांगणारी बायको असते, आई असते, कधी मेहुणा. ज्याला समजवायचं तो बाहेर बाकावर मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसलेला. आता खरं सांगायचं तर त्याला समजावण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. दारूने लिव्हर जातं, पैसा जातो, अब्रू जाते, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त पाठ आहे. वर्षानुवर्षं तेच ऐकतोय बिचारा.

मग अडतं कुठे? एक मन म्हणतं सोडावी, दुसरं म्हणतं आजचा दिवस जाऊ दे. दोन्ही मनं खरी असतात. आपण पहिल्या मनाचं वकीलपत्र घेतलं की त्याच्याकडे दुसऱ्याची बाजू लढवण्यावाचून काम उरत नाही. "मी काय रोज पितो का?", "स्वतःच्या पैशाची पितो", "आमच्या साहेबापेक्षा कमीच". स्वतःच्याच तोंडून हे दहादा ऐकलं की ते त्यालाच जास्त पटायला लागतं.

विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या कामाचा गाभा हाच आहे. १९८२ मध्ये तो नॉर्वेत शिकवायला गेला होता. तिथल्या तरुण सहकाऱ्यांनी त्याला भंडावून सोडलं: तुम्ही पेशंटला आत्ता हे का विचारलंत? तिथे गप्प का बसलात? तेच वाक्य उचलून परत का म्हणालात? उत्तरं देता देता आपण नेमकं काय करतो ते त्याचं त्यालाच उमगलं. १९८३ मध्ये त्यावर लेख आला, पुढे स्टीफन रॉलनिकबरोबर १९९१ मध्ये पुस्तक. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात ते हेच. आमच्यात नुसतं 'एमआय'.

तत्त्व सांगून फार कळत नाही, म्हणून एक बोलणं देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. ट्रॅक्टर मेकॅनिक, चाळिशीचा, बायकोने जवळजवळ ओढत आणलेला. त्याला विचारलं, "दारू कमी करणं किंवा सोडणं तुम्हाला आत्ता कितपत गरजेचं वाटतं? शून्य ते दहा."

"तीन." (म्हणजे तुम्ही गप्प बसा.)

"बरं, तीन. दोन का नाही म्हणालात?"

या प्रश्नाला माणूस थबकतो. 'दहा का नाही' विचारलं असतं तर दारूची बाजू ऐकायला मिळाली असती. हा बराच वेळ हातातल्या किल्लीशी खेळत राहिला. मग म्हणाला, "पोरगी दहावीला आहे. मी घरी आलो की ती पुस्तकं उचलून शेजाऱ्यांकडे जाते अभ्यासाला."

"तुम्ही आलात की ती जाते."

"तसं नाही... म्हणजे तसंच. तोंडाने काही बोलत नाही ती. पण जाते."

इथे 'बघा, म्हणूनच सोडा' हे वाक्य जिभेवर येतं. येतंच. ते गिळायला शिकणं हे आमच्या प्रशिक्षणातलं सर्वांत अवघड काम. मी एवढंच विचारलं, "आणि सोडायचं ठरवलंच, तर आधी कधी जमलंय?" तर गडी दरवर्षी श्रावण पाळतो! गटारीला भरपूर, आणि नंतर महिनाभर हात लावत नाही. आपल्याकडे हे किती जणांचं असतं, आणि त्याचं श्रेय कुणी त्यांना देत नाही. श्रावणात संध्याकाळी सात वाजता काय करता, मित्र बोलवायला आले तर काय सांगता, झोप कशी लागते, यावर तो वीसेक मिनिटं बोलला. त्या दिवशी त्याने काही कबूल केलं नाही. पुढच्या बुधवारी मात्र एकटा आला.

दारूच असं नाही. तंबाखू, मोबाईलवरचा जुगार, डिप्रेशनच्या गोळ्या नको म्हणणारे आई-वडील, सगळ्यांना हा धागा मोकळा आहे. लिहा.

---

खडीसाखर

वाचतेय. आमच्याकडे श्रावणाच्या पुढचं प्रकरण. नवऱ्याने माळ घातली होती. वारी करून आला, दिवाळीपर्यंत थेंब नाही. घर घरासारखं वाटायला लागलं होतं. मग माझ्याच भावाच्या लग्नात पाहुण्यांनी आग्रह केला आणि सगळं मुसळ केरात. आता सासूबाई म्हणतात माळेचा अपमान केला, याच्यात राम नाही. आणि तो पण तेच म्हणतो, 'माझ्यात दमच नाही, आता कशाला सेंटर?' याला काय बोलायचं?

---

कडक_चहा

धागाकर्त्यांचा अनुभव मोठा असेल, पण मला हे सगळं फार गुळमुळीत वाटतं. माणूस गटारात पडलाय आणि तुम्ही विचारताय 'दोन का नाही'? दोन कानाखाली द्यायला हव्यात. आमच्या चुलत्याला गाडी बोलावून उचलून नेलं सेंटरवाल्यांनी. आरडाओरडा केला, पण नेला. सुटली दारू. तुमच्या बुधवारची वाट बघत बसलो असतो तर तेरावं घातलं असतं.

---

ओसरीवरचा

@खडीसाखर, माळ काढली हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं, आणि वारीपासून दिवाळीपर्यंतचे दिवस कुणी मोजलेच नाहीत. तो 'दमच नाही' म्हणाला तर 'असं कसं, आहे दम' असं पटवत बसू नका, तो आणखी पुरावे देईल. विचारा, 'त्या दिवसांत कसं काय जमवलंस? मला तेव्हा विचारायचं राहून गेलं.' आणि ऐका. पुन्हा प्यायला लागणं हा या आजाराचा नेहमीचा टप्पा आहे. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी सिगारेट सोडणाऱ्यांवरच्या अभ्यासातून बदलाच्या पायऱ्या मांडल्या, त्यात माणसं खाली-वर करतच पुढे जाताना दिसली.

@कडक_चहा, चुलत्यांची सुटली हे उत्तमच. पण कानाखालीची गोष्ट मिलरनेच तपासून पाहिली आहे. १९९३ चा अभ्यास: समुपदेशक जितका जास्त अंगावर गेला, तितकी त्या माणसाची दारू वर्षभरानंतर जास्त दिसली. अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅच नावाच्या मोठ्या प्रयोगात (१७२६ माणसं, निकाल १९९७) एमआयवर बेतलेल्या चारच बैठका आणि इतर दोन पद्धतींच्या बाराबारा बैठका जवळपास बरोबरीत सुटल्या. एमआय सगळ्यांवर भारी पडलं असं नाही. पण कमी वेळात तेवढंच साधलं, हे सरकारी ओपीडीत बसणाऱ्या माझ्यासारख्याला फार मोलाचं आहे.

राहिलं उचलून नेणं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये संमतीशिवाय दाखल करायची वाट आहे, पण ती अरुंद आहे. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायचं, माणसाचा स्वतःला किंवा इतरांना धोका आहे किंवा तो स्वतःची काळजीच घेऊ शकत नाही अशी खात्री करायची, आणि सुरुवातीला मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. गाडी आणून चौघांनी उचलणं यात कुठेच बसत नाही. अशा ठिकाणांहून परतलेली माणसं मी पाहिली आहेत. काही सोडतात. बरेच जण दारूपेक्षा घरच्यांना जास्त सोडतात.

---

कडक_चहा

चुलता आमच्याशी बोलत नाही हे खरंय. पण जिवंत आहे. असो.

---

मांडवीकाठ

गोव्याचा विषय निघायलाच हवा होता. आमच्याकडे संगथ या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत हाच प्रयोग केला. समुपदेशक कोण, तर मानसशास्त्राची पदवी नसलेली, शिकवून तयार केलेली साधी स्थानिक माणसं. एमआयच्या धर्तीवर जास्तीत जास्त चार बैठका, अर्ध्या-पाऊण तासाच्या. दारूमुळे नुकसान व्हायला लागलंय, पण पूर्ण आहारी गेलेले नाहीत, असे पुरुष निवडले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले, नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलाय हा अभ्यास. दहा टक्क्यांचा फरक ऐकायला छोटा, पण आमच्या वाड्यावर दहा घरांत एक घर धरा.

आणि हो, फेणीवाले लगेच मला शिव्या घालू नका.

---

तळ्यात_मळ्यात

आयडी आजच काढला. पुण्यात आयटीत आहे. रोज रात्री तीन लार्ज, जेवणाआधी, घरीच. शुक्रवारी जास्त. नोकरी व्यवस्थित, कुणाला मारत नाही, गटारात पडत नाही. बायकोने मागच्या आठवड्यात एका व्यसनमुक्ती केंद्राचं पत्रक लॅपटॉपवर ठेवलं. डोकं फिरलं. मी काय तसला आहे का? पण धागा पूर्ण वाचला, दोनदा. का वाचला माहीत नाही.

---

स्पष्टवक्ता

साहेब, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तीन लार्ज म्हणजे १८० मिली, म्हणजे एक क्वार्टर. आमच्या गावातला गडी रोज क्वार्टर मारतो त्याला बेवडा म्हणतात, आणि तुम्ही बर्फ टाकून काचेच्या ग्लासात पिता म्हणून वेगळे? आधी मान्य करा की तुम्ही ॲडिक्ट आहात. मान्य केल्याशिवाय काही होत नाही.

---

तळ्यात_मळ्यात

धन्यवाद. निदान झालं, फी कुठे भरू? माझा बॉस माझ्या दुप्पट पितो आणि मॅरेथॉन पळतो. मागच्याच महिन्यात माझं प्रमोशन झालंय. ॲडिक्टचं होतं का प्रमोशन? चुकलंच इथे लिहिलं ते.

---

ओसरीवरचा

मंडळी, तळ्यात_मळ्यात यांचे वरचे दोन प्रतिसाद लागोपाठ वाचा. स्पष्टवक्तांचं गणित बिनचूक आहे, हेतूही चांगला. आणि परिणाम? पहिल्या प्रतिसादात जो माणूस 'दोनदा वाचला' म्हणत होता, तो दुसऱ्यात बॉसची मॅरेथॉन घेऊन उभा राहिला. मी धाग्यात घसा फोडून सांगत होतो ते दोन मिनिटांत दिसलं.

@तळ्यात_मळ्यात, तुम्ही कोण आहात हे इथे कुणी ठरवायची गरज नाही. मलाही ठरवायचं नाहीये. एमआयमध्ये 'मी ॲडिक्ट आहे' हे वदवून घेणं पहिल्यापासूनच वर्ज्य आहे. शिक्का न लावताही माणसं बदलतात. तुमचं काम नीट चाललंय आणि संध्याकाळचे ते तीन पेग तुम्हाला काहीतरी देतात, हे दिसतंय. त्याचबरोबर पत्रकाने राग आला तरी धागा दोनदा वाचलात. उत्तर द्यायचं असेल तर द्या, नाहीतर सोडून द्या: त्या पेगांमधलं काय तुम्हाला आवडतं? आणि काय तितकंसं आवडत नाही?

---

तळ्यात_मळ्यात

आवडतं काय, तर पहिला पेग. दिवसभराच्या कॉल्सनंतर डोक्यातला आवाज बंद होतो. दुसऱ्याचं काही खास नाही. तिसरा का घेतो ते मला सांगता येणार नाही.

न आवडणारं... सकाळी मुलाला शाळेच्या बसला सोडताना मी तोंडात वेलदोडा ठेवतो. परवा तो म्हणाला, 'बाबा, मला पण ती सकाळची वेलची दे.' त्याला वाटतं ती सकाळीच खायची गोष्ट आहे.

तो शून्य-ते-दहावाला प्रश्न मी स्वतःला विचारला. चार. तीन का नाही ते वर लिहिलंच.

---

खडीसाखर

वाचून गलबलून आलं. एक विचारू का? माझ्या व्हॉट्सॲपवर जाहिरात येते, 'पिणाऱ्याला न सांगता जेवणात मिसळा, सात दिवसांत दारूची घृणा'. शेजारणीने मागवलंय. मी पण मागवू का?

---

गावठी_स्टेथो

मी जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचार करतो, सहसा नुसता वाचतो, पण यावर लिहिणं भाग आहे. मागवू नका. अशा पुड्यांत काय असतं ते पाकिटावर लिहिलेलं नसतं. त्यात डायसल्फिराम निघालं तर? ते खरंच दारूवरचं औषध आहे, पण पेशंटला पूर्ण सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करून द्यायचं. ते दारू पचवण्याच्या साखळीतला एक टप्पा अडवतं, त्यामुळे अंगात ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य साचतं. चेहरा लालबुंद, उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली. हृदयाचा त्रास असलेला माणूस यात दगावू शकतो. गोळी बंद केल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. आणि ज्या दिवशी त्याला कळेल की बायकोने आमटीतून औषध घातलं, त्या दिवसानंतर तो तुमच्या हातचं जेवेल का? समुपदेशनाला येईल का?

दुसरं, श्रावणाबद्दल. ओसरीवरच्यांनी सांगितलेला प्रश्न सुरेख आहे, पण एक पुरवणी जोडतो. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात तोडली तर हातपाय कापणं, घाम, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन माणूस बडबडायला लागतो, भिंतीवर किडे दिसतात, आणि घरचे म्हणतात बाहेरचं लागलं. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वॉर्डात असे पेशंट हमखास असतात. हा जिवावरचा प्रकार आहे. म्हणून सकाळी उठल्यावर हात थरथरत असतील किंवा पूर्वी कधी फिट आली असेल, तर शपथ घेऊन सोडू नका, डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडा. चार-सहा दिवस योग्य गोळ्या आणि थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) मिळालं की बहुतेक जण सुखरूप पार पडतात.

---

उत्तरध्रुव

मी ओस्लोजवळ राहतो (मिलरमुळे नॉर्वेचं नाव आलं म्हणून उगाच कॉलर ताठ). आई साताऱ्यात एकटी. बाबा गेल्यापासून जेवण तुटलंय, पहाटे तीनला जाग येते, भजनी मंडळही सोडलं. डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्या लिहून दिल्यात, चिठ्ठी कपाटात पडून आहे. म्हणते, 'गोळ्यांची सवय लागली तर? मी काय वेडी आहे का?' व्हिडिओ कॉलवर रोज भांडण.

---

ओसरीवरचा

रोजचं भांडण थांबवलंत तरी अर्धं काम होईल. माहिती देण्याचीही एक रीत आहे. आधी विचारा: 'आई, त्या गोळ्यांबद्दल तू काय काय ऐकलंयस?' बहुतेक कुणा ओळखीच्या बाईची गोष्ट निघेल, गोळ्या घेऊन दिवसभर झोपून असायची वगैरे. ती पूर्ण ऐका. मग परवानगी घ्या: 'मी डॉक्टरांना विचारलं, सांगू का?' हो म्हणाली तर दोनच वाक्यं. या गोळ्यांची दारू-तंबाखूसारखी तलफ लागत नाही, मात्र मनाने एकदम बंद करायच्या नसतात. आणि गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मग गप्प. 'तुला काय वाटतं यावर?' एवढं विचारून थांबा. 'वेडी आहे का' या प्रश्नाला युक्तिवादाने उत्तर देऊ नका, तिथे माहितीचा प्रश्न नाहीये, भीती आहे.

एक अपवाद ठळक करतो. 'जगून काय करायचं', 'माझी अडचण नको कुणाला' असं बोलणं सुरू झालं किंवा जेवणखाणच सुटलं, तर ही सगळी सबुरी बाजूला ठेवा, नातेवाइकांना त्याच दिवशी घरी पाठवा आणि डॉक्टर गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात. व्यसनासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

तसंच घरात मारहाण होत असेल तर बायकोने नवऱ्याशी एमआय करत बसायचं नसतं. ११२ किंवा १८१ (महिला हेल्पलाइन) लावायचा. नवऱ्याचं मन वळवणं ही बायकोवर टाकलेली आणखी एक ड्युटी होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना सुरक्षितपणे काही करता येण्यासारखं आहे त्यांच्यासाठी अमेरिकेत रॉबर्ट मेयर्स यांनी क्राफ्ट नावाची पद्धत बसवली. तो प्यायलेला नसताना त्याच्याबरोबर वेळ चांगला घालवायचा, प्यायलेला असताना शांतपणे बाजूला व्हायचं, त्याने केलेल्या घोळाची निस्तरानिस्तर स्वतः करायची नाही, साहेबाला 'ताप आलाय' असा फोन करायचा नाही, आणि उपचाराचा विषय त्याचं मन मऊ असेल त्या वेळी काढायचा. १९९९ च्या अभ्यासात या वाटेने गेलेल्या घरांपैकी ६४ टक्के घरांतला माणूस उपचाराला आला. आधी सगळे नातेवाईक जमवून त्याला खिंडीत गाठण्याच्या पद्धतीत हाच आकडा ३० होता.

---

स्पष्टवक्ता

@तळ्यात_मळ्यात, जरा जोरात बोललो. सवय आहे.

---

तळ्यात_मळ्यात

@स्पष्टवक्ता, क्वार्टरचं गणित डोक्यातून जात नाहीये, त्यामुळे बोललात ते अगदीच वाया गेलं नाही. पण राग आला होता.

@गावठी_स्टेथो, हात थरथरत नाहीत. ऑफिसला कळेल ही मोठी भीती आहे. नुसतं तपासून घ्यायचं असेल तर कुठून सुरुवात करायची?

---

गावठी_स्टेथो

फॅमिली डॉक्टरपासून. लिव्हरच्या तपासण्या आणि बीपी. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, पाच मिनिटं लागतात, ४० पैकी गुण. आठ किंवा जास्त आले तर डॉक्टरांशी बोलायचं, वीस किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायचं. गोपनीयता हा त्याच २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, आम्ही तुमच्या कंपनीला कळवू शकत नाही. बहुतेकांना भरती व्हायची वेळ येत नाही, ओपीडीत काम भागतं.

---

तळ्यात_मळ्यात

शनिवारी रक्त देतो. सेंटर वगैरे आत्ता नाही. आणि प्लीज, कुणी 'शाब्बास' लिहू नका.

---

गावठी_स्टेथो

लिहीत नाही. शुक्रवारी रात्री मात्र तुमचं 'जास्त' असतं, त्यामुळे शनिवारऐवजी गुरुवारी सकाळी दिलंत तर? आणि रिपोर्ट आला की एकटे गुगल करत बसू नका.